वृद्धांमधील आकस्मिक दृष्टिनाश

वृद्धांमधील आकस्मिक दृष्टिनाश म्हणजे साधारणतः वयाच्या पन्नाशीनंतर एका किंवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी काही क्षणांत, काही तासांत अथवा काही दिवसांत अंशतः किंवा पूर्णतः जाणे होय. हे एखाद्या स्वतंत्र रोगाचे नाव नाही. दृष्टिपटल, रक्तवाहिन्या, दृष्टी तंत्रिका, पारदर्शक पटल किंवा मेंदू यांपैकी कोठेही बिघाड झाला तरी हे लक्षण उद्भवू शकते. मोतीबिंदूमुळे नजर हळूहळू मंदावते व त्यावरील शस्त्रक्रिया बहुधा सवडीने करता येते. आकस्मिक दृष्टिनाशात मात्र उपचारासाठी उपलब्ध असलेला काळ काही तासांचा, क्वचित काही दिवसांचा असतो. त्यामुळे वैद्यकशास्त्रात ही आणीबाणीची स्थिती मानली जाते.

सूचना : हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. वैद्यकीय सल्ल्याला तो पर्याय नाही.

लोकव्यवहारातील नावे

नेत्रविकारांसाठी मराठीत अनेक रूढ शब्दप्रयोग आहेत. त्यांतील काही नेमके, तर काही संदिग्ध आहेत. 'डोळ्याचा पडदा सुटणे' किंवा 'पडदा सरकणे' म्हणजे दृष्टिपटल विलग होणे. 'डोळ्यात फूल पडणे' म्हणजे पारदर्शक पटलावरील जखम भरून आल्यावर राहिलेला पांढरा डाग. 'मोतीबिंदू पिकणे' म्हणजे डोळ्यातील भिंग पूर्णपणे अपारदर्शक होणे. 'डोळ्यासमोर माश्या उडणे' हे काचद्रवातील तरंगत्या सावल्यांचे वर्णन आहे. 'डोळे येणे' हा शब्द नेत्रश्लेष्मलेच्या दाहासाठी आहे. परंतु डोळा कोणत्याही कारणाने लाल झाला तरी तो सर्रास वापरला जातो. तीव्र काचबिंदू किंवा बुबुळावरील व्रण 'डोळे आले आहेत' असे समजून अंगावर काढला जातो, तो यामुळेच. 'अंधारी येणे' या शब्दाने चक्कर आणि क्षणिक दृष्टिनाश या दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. म्हणून रुग्णाला 'अंधारी एका डोळ्यापुढे आली की दोन्ही' हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

डोळ्याची रचना

डोळ्याच्या दर्शनी भागी पारदर्शक पटल असते. त्यामागे रंगीत कनीनिका, तिच्या मध्यभागी बाहुली आणि बाहुलीमागे भिंग असते. भिंगामागील पोकळीत काचद्रव हा जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. पाठीमागच्या भिंतीला आतून दृष्टिपटल अस्तरासारखे चिकटलेले असते. त्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे वाचन, सुईत दोरा ओवणे, चेहरे ओळखणे ही सूक्ष्म कामे होतात. दृष्टिपटलावरील संदेश दृष्टी तंत्रिकेद्वारे मेंदूच्या मागील भागात पोहोचतात. या मार्गात अडथळा कोठे आला आहे, यावर लक्षणांचे स्वरूप अवलंबून असते. स्थूलमानाने, समोरच्या भागातील विकारांत वेदना व लाली असते, तर मागच्या भागातील विकार बहुधा वेदनारहित असतात. डोळा दुखत नाही आणि लालही नाही, म्हणून काही गंभीर नसावे, हा समज त्यामुळे धोक्याचा ठरतो.

वेदनारहित दृष्टिनाशाची कारणे

मध्यवर्ती दृष्टिपटल धमनीचा अवरोध

दृष्टिपटलाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद पडली, की काही सेकंदांतच एका डोळ्याची दृष्टी जाते. यास 'डोळ्याचा पक्षाघात' असेही म्हणतात. मानेतील कॅरोटिड धमनीत साठलेला मेदाचा थर किंवा हृदयात तयार झालेली गुठळी हे याचे प्रमुख उगमस्थान असते. भारतीय वंशाचे नेत्रसंशोधक सोहन सिंग हयरेह यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत रक्तपुरवठा सुमारे ४ तास बंद राहिल्यास दृष्टिपटलाची हानी व्यापक व कायमची होते, असे दिसून आले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात या विकाराकडे पक्षाघाताइतक्याच तातडीने पाहावे, असे म्हटले आहे. कारण अशा रुग्णाला पुढील काही दिवसांत मेंदूचा पक्षाघात होण्याचा धोकाही वाढलेला असतो. म्हणून शक्य असल्यास त्याला पक्षाघातावर उपचार करणाऱ्या रुग्णालयातच नेणे इष्ट असते.

काही वेळा दृष्टी काही मिनिटे जाऊन पूर्ववत होते. एका डोळ्यापुढे पडदा उतरून पुन्हा वर गेल्यासारखे रुग्ण सांगतो. दृष्टी परत आली तरी ही पुढील पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते व त्याच दिवशी तपासणी आवश्यक असते.

दृष्टिपटल नीलेचा अवरोध

यात अशुद्ध रक्त वाहून नेणारी नीला बंद पडते. दृष्टी काही तासांत किंवा झोपेतून उठल्यावर अंधूक झालेली आढळते. दृष्टिपटलावर रक्तस्राव व सूज येते. उच्च रक्तदाब, मधुमेह व काचबिंदू असलेल्यांत याचे प्रमाण अधिक असते. पीतबिंदूची सूज उतरवण्यासाठी डोळ्यात औषधाची इंजेक्शने दिली जातात.

दृष्टिपटल विलग होणे

वयोमानानुसार काचद्रव पातळ होऊन आकुंचन पावतो व दृष्टिपटलापासून सुटतो. साठीनंतर ही प्रक्रिया सामान्य आहे. परंतु सुटताना तो दृष्टिपटलाला ओढ देतो. या वेळी नवीन काळे ठिपके, जाळे किंवा कडेला विजेसारखे लखलखाट दिसू लागतात. अशी लक्षणे नव्याने सुरू झालेल्या रुग्णांपैकी सुमारे दहांतील एकाच्या दृष्टिपटलाला चीर पडलेली आढळते. चिरेतून द्रव मागे शिरला की दृष्टिपटल भिंतीपासून सुटू लागते आणि नजरेच्या एका बाजूने काळी सावली पुढे सरकते. केवळ चीर असताना लेझरने ती बाह्यरुग्ण विभागातच बंद करता येते. पटल सुटल्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. पीतबिंदू सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास दृष्टी चांगली राहण्याची शक्यता बरीच अधिक असते. चीर बंद करणे हे या उपचाराचे सूत्र असल्याचे लोझान येथील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. त्याआधी हा विकार जवळजवळ असाध्य मानला जात असे. जास्त उणे क्रमांकाचा चष्मा, पूर्वी झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि डोळ्याला लागलेला मार यांमुळे हा धोका वाढतो.

काचद्रवातील रक्तस्राव

दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या दृष्टिपटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. त्या फुटल्यास डोळ्यापुढे अचानक लालसर किंवा काळे धुके, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. तपासणीपर्यंत रुग्णाने डोके उंच ठेवून झोपावे, वाकणे व जड वजन उचलणे टाळावे.

पीतबिंदूचा ओला ऱ्हास

पीतबिंदूखाली रक्त किंवा द्रव साठल्याने सरळ रेषा वाकड्या दिसतात. दाराची चौकट किंवा वहीतील ओळी नागमोडी भासतात व मध्यभागी डाग पडतो. काही दिवसांत उपचार सुरू झाल्यास उरलेली दृष्टी टिकवता येते.

महाकोशिका धमनीदाह

पन्नाशीनंतर होणारा हा धमन्यांचा दाह भारतात विरळ, पण अत्यंत विनाशक आहे. नवी डोकेदुखी, केस विंचरताना कानशील दुखणे, घास चावताना जबडा दुखून थांबावे लागणे, बारीक ताप व वजन घटणे ही त्याची लक्षणे होत. एका डोळ्याची दृष्टी गेल्यावर उपचाराअभावी दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. रक्तातील ईएसआर व सीआरपी या तपासण्यांवरून संशय बळावतो. मात्र धमनीच्या तुकड्याच्या तपासणीचा निष्कर्ष येईपर्यंत स्टिरॉइड उपचार थांबवून ठेवत नाहीत.

वेदनेसह होणाऱ्या दृष्टिनाशाची कारणे

तीव्र काचबिंदू

डोळ्यातील द्रव बाहेर जाण्याचा कोन अचानक बंद झाल्यास डोळ्यातील दाब झपाट्याने वाढतो. सामान्य दाब १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. या विकारात तो ४० च्या वर जाऊ शकतो. डोळा लाल होतो, कडक लागतो, बाहुली मोठी व स्थिर राहते, दिव्यांभोवती इंद्रधनुषी वलये दिसतात. त्याचबरोबर तीव्र डोकेदुखी व उलट्या होतात. उलट्यांमुळे पित्त, अर्धशिशी किंवा पोटाचा विकार समजून उपचार सुरू होतात आणि डोळ्याकडे दुर्लक्ष होते. सर्दीची काही औषधे तसेच बाहुली रुंदावणारी औषधे मुळातच अरुंद कोन असलेल्या डोळ्यात झटका आणू शकतात. उपचारात औषधांनी दाब उतरवून लेझरने कनीनिकेत सूक्ष्म छिद्र पाडतात. दुसऱ्या डोळ्यातही प्रतिबंध म्हणून बहुधा असे छिद्र पाडले जाते.

पिकलेल्या मोतीबिंदूमुळेही डोळ्यातील दाब वाढू शकतो. फुगलेले भिंग द्रवाचा मार्ग अडवते, किंवा अतिपक्व भिंगातील प्रथिने पाझरून ती निचऱ्याचा मार्ग बुजवतात. 'मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच काढावा' हा जुना सल्ला पूर्वीच्या शस्त्रक्रियापद्धतीशी निगडित होता. आज तो लागू नाही.

पारदर्शक पटलावरील व्रण

शेतीकाम करणाऱ्यांमध्ये हे दृष्टिनाशाचे महत्त्वाचे कारण आहे. भाताचे पाते, तूस, काडी किंवा उसाचे पान डोळ्याला लागले की पटलावर ओरखडा उठतो व त्यातून जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग होतो. वेदना, पाणी येणे, उजेड सहन न होणे आणि बुबुळावर पांढरा ठिपका ही लक्षणे होत. बुरशीचा संसर्ग मंदगतीने वाढतो, त्यामुळे पहिले काही दिवस तो किरकोळ वाटतो. अशा वेळी स्टिरॉइड असलेले थेंब घातल्यास तात्पुरता आराम पडतो, पण बुरशी फोफावते. दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुरशीजन्य व्रणावर नॅटामायसिन हे थेंब व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले.

नेपाळमधील भक्तपूर येथील अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे प्रशिक्षित ग्रामस्वयंसेवकांनी ओरखडा उठलेल्या डोळ्यांत ३ दिवस प्रतिजैविक मलम घातले. इजेनंतर १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकाही व्यक्तीला व्रण झाला नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षावरून गावपातळीवरील साध्या, वेळीच केलेल्या उपचाराचे महत्त्व स्पष्ट होते.

डोळ्याची नागीण

कपाळ व पापणीवर एकाच बाजूला पुरळ उठते. नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळ्याला बाधा होण्याची शक्यता अधिक असते. विषाणुरोधक औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करणे हितकारक असते. मंत्र-तंत्र, लेप किंवा नागिणीची तोंडे जुळण्याची भीती यांत हा काळ निघून जातो.

शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, वेदना व लाली वाढू लागली आणि आलेली नजर पुन्हा मंदावली, तर डोळ्याच्या आत संसर्ग झाल्याची शक्यता असते. हा प्रकार विरळ आहे. परंतु पुढील भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात जावे लागते.

म्युकरमायकोसिस

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात या बुरशीजन्य रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइडचा वापर ही त्याची प्रमुख कारणे होत. चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून काळसर स्राव, पापणी पडणे, डोळा पुढे येणे व दृष्टी जाणे असा त्याचा क्रम असू शकतो. यात दृष्टीबरोबर जीवही धोक्यात येतो.

मेंदूशी संबंधित कारणे

मेंदूच्या मागील भागाला पक्षाघात झाल्यास दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राची एकच बाजू जाते. रुग्ण 'उजव्या डोळ्याने दिसत नाही' असे सांगतो, पण प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांना उजवीकडचे दिसत नसते. एका बाजूच्या वस्तूंना वारंवार धडकणे, ताटातील एका बाजूचे पदार्थ तसेच राहणे, ओळीचा अर्धा भाग वाचताना सुटणे यांवरून हे लक्षात येते. अचानक एकाच्या दोन वस्तू दिसू लागणे, त्यासोबत पापणी पडणे व एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, हे मेंदूतील रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचे लक्षण असू शकते. तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोबडे बोलणे हे जोडीला असल्यास थेट पक्षाघातावर उपचार करणाऱ्या रुग्णालयात जावे.

घरी करावयाची तपासणी

एका डोळ्याची दृष्टी गेली तरी दुसरा डोळा काम करीत असल्याने पुष्कळ दिवस ते कळत नाही. याकरिता ज्येष्ठांनी आठवड्यातून एकदा चष्मा लावून, आळीपाळीने एकेक डोळा तळहाताने न दाबता झाकून दिनदर्शिकेकडे पाहावे. अक्षरे दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात का, चौकोनांच्या रेषा सरळ दिसतात का व एखादा कोपरा गायब आहे का, हे पाहावे. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क अ‍ॅम्सलर यांच्या नावाने ओळखला जाणारा चौकटींचा तक्ता याच तत्त्वावर आधारलेला आहे.

पुढील लक्षणे दिसताच त्याच दिवशी, शक्य तर तत्काळ, तपासणी करावी :

- एका किंवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी अचानक जाणे, मग ती परत आली तरी
- डोळ्यापुढे पडदा किंवा सावली सरकणे; नवे ठिपके व लखलखाट
- डोळेदुखीसह उलट्या व दिव्यांभोवती वलये
- अचानक एकाच्या दोन वस्तू दिसणे
- बुबुळावर पांढरा ठिपका
- डोळ्यात रसायन जाणे, डोळ्याला मार किंवा छेद
- पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी व जबडा दुखण्यासह अंधूक दिसणे

प्रथमोपचार

चुना, सिमेंट, कीटकनाशक किंवा धुण्याचा सोडा डोळ्यात गेल्यास कोणाचीही वाट न पाहता डोळा तत्काळ स्वच्छ पाण्याने धुवावा. पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान १५ ते ३० मिनिटे पाण्याची धार सोडावी. तंबाखूसोबतचा ओला चुना पापणीखाली चिकटून राहतो. त्याचे कण ओल्या स्वच्छ कापडाने काढावेत. चुन्यासारखे अल्कधर्मी पदार्थ आम्लापेक्षा खोलवर शिरतात. लिंबू किंवा व्हिनेगर घालून चुना 'मारण्याचा' प्रयत्न करू नये.

गुराचे शिंग, खिळा, काटा किंवा पडझडीमुळे डोळ्याला छेद गेला असल्यास डोळा धुऊ नये, दाबू नये, रुतलेली वस्तू काढू नये. कागदी पेला डोळ्यावर उपडा ठेवून त्याची कड भोवतालच्या हाडावर टेकेल अशा रीतीने तो चिकटवावा. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रुग्णाला खाऊपिऊ घालू नये.

कोणत्याही प्रकारात डोळा चोळणे, मध, तूप, दूध किंवा झाडपाल्याचा रस घालणे, दुसऱ्याचे उरलेले थेंब वापरणे टाळावे. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या, आधीच्या तपासण्यांचे कागद आणि लक्षण सुरू झाल्याची नेमकी वेळ सोबत न्यावी. उपचाराचा निर्णय बहुतेकदा या वेळेवरच ठरतो.

महाराष्ट्रातील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. भारत सरकारने १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीवरील व्यक्तींत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले व त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. त्यामुळे शासकीय व स्वयंसेवी प्रयत्नांचा भर साहजिकच मोतीबिंदू शिबिरांवर राहिला. मुंबईच्या सर ज. जी. समूह रुग्णालयात पूर्वी कार्यरत असलेले डॉ. तात्याराव लहाने यांचे कार्य या क्षेत्रात विशेष परिचित आहे. त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. शिबिराची तारीख ठरलेली असते, आकस्मिक विकाराची नसते. त्यामुळे शिबिरांच्या जोडीला बारमाही तातडीच्या सेवेची गरज उरते.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका याचे बोलके उदाहरण आहे. रिहे खोऱ्यासारख्या डोंगराळ, भातशेतीच्या भागात लावणी, कापणी व मळणीच्या हंगामात डोळ्याला पाते वा तूस लागण्याचे प्रसंग स्वाभाविक असतात. तरुण मंडळी नोकरीनिमित्त पिंपरी-चिंचवड, हिंजवडी वा पुण्यात असल्याने दिवसा घरी बहुधा वृद्धच असतात. रिह्याहून घोटावडेमार्गे पिरंगुट किंवा हिंजवडी गाठून पुढे शहरात जावे लागते. अंतर फार नसले तरी वाहन मिळणे, सोबत मिळणे व वाहतूक कोंडी यांत मोलाचे तास जातात. आशा स्वयंसेविका व प्राथमिक आरोग्य केंद्र हा पहिला दुवा होय. पौड या तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी औंध येथील जिल्हा रुग्णालय, ससून सर्वोपचार रुग्णालय व मोहंमदवाडी येथील ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय ही पुण्यातील प्रमुख ठिकाणे आहेत. गंभीर स्थितीत २०१४ पासून राज्यात कार्यरत असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा मोफत मिळते.

विलंबाची इतर कारणे सामाजिक आहेत. 'वय झाले, आता असेच दिसणार' अशी समजूत, मुलांचा रोजगार बुडेल हा संकोच, खर्चाची धास्ती आणि घरातील वृद्ध स्त्रियांची आपले दुखणे न सांगण्याची सवय यांमुळे पहिले काही तास निघून जातात. घरच्यांनी ज्येष्ठांना नजरेविषयी मुद्दाम विचारणे, हा यावरील बिनखर्चिक उपाय आहे.

प्रतिबंध

- रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल नियंत्रणात ठेवावे. तंबाखू व धूम्रपान वर्ज्य करावे.
- मधुमेहींनी दृष्टी चांगली असली तरी वर्षातून एकदा बाहुली रुंदावून दृष्टिपटल तपासून घ्यावे.
- चाळिशीनंतर डोळ्यातील दाब व दृष्टी तंत्रिका यांची वेळोवेळी तपासणी करावी. घरात कोणाला काचबिंदू असल्यास विशेष दक्षता घ्यावी.
- मोतीबिंदू अतिपक्व होऊ देऊ नये.
- मळणी, झोडपणी, फवारणी व चुना लावण्याच्या कामात संरक्षक चष्मा वापरावा.
- डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब वापरू नयेत.
- पडझड टाळण्यासाठी न्हाणीघर, पायऱ्या व अंगणात पुरेसा उजेड ठेवावा.

हेही पाहा

- मोतीबिंदू
- काचबिंदू
- मधुमेह
- पक्षाघात
- नागीण
- नेत्रदान